केवळ वनस्पतिजन्य आहारावर शरीरातील लोह कसे वाढवावे?

रानजाई:
सर्वांना नमस्कार. गेली काही वर्षे मी दूध, अंडी आणि मांस यांपैकी काहीही घेत नाही. प्राण्यांना आपल्यामुळे त्रास होऊ नये, या भावनेतून विचारपूर्वक घेतलेला हा निर्णय आहे आणि तो बदलण्याची माझी इच्छा नाही. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे चर्चा ‘निदान अंडे तरी खा’ या सल्ल्याकडे वळणार नाही.

माझे वय ३४, वास्तव्य नाशिकला. अलीकडे जिना चढताना धाप लागते, केस फार गळतात आणि तांदूळ निवडायला बसले की कच्चे दाणे चघळत राहण्याची अनावर इच्छा होते. तपासणीत हिमोग्लोबिन १०.६, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ८ आणि एमसीव्ही (तांबड्या रक्तपेशींचा सरासरी आकार) ७१ आले. बी-१२ मी गोळीतून नियमित घेते, ते व्यवस्थित आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, परंतु शक्य असेल तर आहारातूनच ही उणीव भरून काढावी असे मला मनापासून वाटते.

सध्याचा आहार असा आहे: सकाळी पोहे आणि त्यांच्यासोबत कोरा चहा. दुपारच्या डब्यात पोळी आणि पालकाची किंवा बटाट्याची भाजी, त्यानंतर कचेरीत लगेच चहा. संध्याकाळी बीट-गाजराचा रस व खजूर. रात्री वरण-भात किंवा नाचणीची भाकरी. यात काय बदलावे? आणि गोळ्या टाळता येतील का?

आजोळ:
हळिवाचे लाडू सुरू करा. ओल्या नारळाच्या पाण्यात हळीव भिजवून, खोबरे आणि गूळ घालून केलेले लाडू आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीला देतात. दुधाची गरज नाही आणि तूपही वगळता येते.

शेवरी:
मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

रानजाई, तुमच्या ताटात लोह अगदीच कमी आहे असे नाही, पण जे आहे त्यातले फारच थोडे रक्तापर्यंत पोहोचत असणार. वनस्पतींतील लोह आतड्यात सहजासहजी शोषले जात नाही. धान्ये आणि कडधान्ये यांतील फायटेट नावाचे द्रव्य त्याला धरून ठेवते, तर चहा-कॉफीतील टॅनिनसारखी द्रव्ये त्याच्याशी संयोग पावून त्याला निरुपयोगी करतात. जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते, आणि तुम्ही न्याहारी व दुपारचे जेवण ही दोन्ही जेवणे चहाच्या संगतीत घेत आहात. चहा सोडण्याची गरज नाही. तो जेवणानंतर किमान एक-दीड तासाने घ्यावा. कोरा चहा असला तरी हाच नियम, कारण अडथळा चहापत्तीचा आहे.

दुसरा मुद्दा क जीवनसत्त्वाचा. ते लोहाला शोषणास सोप्या रूपात आणते आणि फायटेटचा प्रभावही कमी करते, परंतु ते त्याच जेवणात असले पाहिजे. सकाळी आवळा आणि दुपारी उसळ असे केल्यास दुपारच्या उसळीला त्या आवळ्याचा उपयोग नाही. लिंबू पिळणे चांगलेच, पण अर्ध्या लिंबात क जीवनसत्त्व साधारण दहा मिलिग्रॅमच्या आसपास मिळते, तर एका मध्यम पेरूत दोनशेच्या आसपास. म्हणून डब्यासोबत पेरूच्या फोडी असाव्यात. लिंबू पिळायचे ते पदार्थ चुलीवरून उतरवल्यावर, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते.

तिसरा मुद्दा पालक आणि बिटाचा. भारतीय अन्नघटकांच्या २०१७ सालच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पालकात लोह सुमारे ३ मिलिग्रॅम आहे, आणि बिटात एक मिलिग्रॅमही नाही. बिटाचा रंग रक्तासारखा असल्यामुळे ते रक्त वाढवते, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. त्याउलट कच्च्या मटकीत सुमारे ८, कुळथात ९ च्या जवळ, मसुरीत ७, बाजरीत ६ मिलिग्रॅम लोह आहे. कोरड्या कडधान्याच्या आणि पाणीदार पालेभाजीच्या १०० ग्रॅमची थेट तुलना योग्य नाही हे मान्य. पण वाटीभर उसळीसाठी ४०-५० ग्रॅम मटकी सहज लागते, म्हणजे तीन ते चार मिलिग्रॅम लोह एका वाटीत आले. मटकीला मोड आणल्याने तिच्यातील फायटेटही घटते, आणि मोड आणणे तर आपल्याकडे घरोघरी चालते.

आजोळ यांनी सुचवलेले हळीव चांगलेच आहे, परंतु जुन्या तक्त्यांत त्याच्या १०० ग्रॅममध्ये १०० मिलिग्रॅम लोह दाखवलेले होते आणि नव्या तक्त्यांत तो आकडा त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. पोह्यांचेही तसेच झाले आहे. एका लाडवात हळीव असते चमचाभर. गुळाचा दहा ग्रॅमचा खडा जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह देतो. लाडू आवडीने खावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

दगडफूल:
शेवरी यांचे आकडे योग्यच असतील, परंतु लोखंडी कढई आणि तवा यांचा उल्लेख कोणीच केला नाही याचे मला आश्चर्य वाटते. आमच्या सिंधुदुर्गात घावन भिड्यावर (बिडाच्या तव्यावर) होत असत, भाज्या लोखंडी कढईत होत असत आणि घरातल्या स्त्रिया दिवसभर शेतात राबूनही थकत नसत. नॉनस्टिक भांडी आली, तेव्हापासून गोळ्या आल्या. मूळ प्रश्न गोळ्या टाळण्याचा आहे, तर आधी भांडी बदलावीत असे माझे ठाम मत आहे.

सूक्ष्मदर्शी:
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. दगडफूल, लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरते हे खरे आहे. पदार्थ आंबट, पातळ आणि जास्त वेळ शिजणारा असेल तर ते अधिक उतरते. चिंच घातलेले अळूचे फदफदे आणि कोरडी भाकरी यांत म्हणूनच मोठा फरक पडतो. मात्र प्रत्येक भांड्यातून किती लोह येईल हे मोजता येत नाही, त्यामुळे फेरिटिन ८ असलेल्या रुग्णाला ‘कढई घ्या’ एवढेच सांगून परत पाठवता येत नाही.

कंबोडियात स्वयंपाकाच्या पातेल्यात उकळण्यासाठी लोखंडाचा छोटा मासा देण्याचा प्रयोग बराच गाजला होता. पुढे त्याच देशात झालेल्या काटेकोर चाचणीत हिमोग्लोबिनमध्ये फरक दिसला नाही. तिथल्या अनेक स्त्रियांच्या ॲनिमियाचे (रक्तक्षयाचे) मूळ लोहाच्या उणिवेत नव्हतेच, ते हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषांत होते. उपाय चांगला असूनही निदान वेगळे असले की तो फसतो.

पूर्वीच्या स्त्रिया थकत नसत, हे विधान मला मान्य नाही. त्यांचे रक्त तपासले जात नव्हते आणि थकवा बोलून दाखवण्याची मुभाही नव्हती. आजही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये ॲनिमियाचे प्रमाण महाराष्ट्रात ५४.२ टक्के आणि गोव्यात ३९ टक्के आहे. या पाहणीत बोटाला टोचून घेतलेल्या रक्तावरील तपासणीच्या अचूकतेबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, तरी प्रश्न मोठा आहे याबद्दल दुमत नाही.

आता रानजाई यांच्या अहवालाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि फेरिटिन १५ पेक्षा कमी असेल तर ते अनुक्रमे ॲनिमियाचे आणि लोहाच्या उणिवेचे लक्षण मानतात. तुमच्या बाबतीत दोन्ही आहेत. कच्चे तांदूळ चघळण्याची इच्छा हेही लोहाच्या उणिवेचे ओळखीचे लक्षण आहे आणि साठा भरू लागला की बहुधा ती आपोआप नाहीशी होते.

एक साधा हिशेब मांडतो. पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १०.६ वरून १३ पर्यंत नेण्यास सुमारे ३०० मिलिग्रॅम लोह रक्तातच लागते. त्याखेरीज रिकामा झालेला साठा भरण्यास आणखी ३०० ते ५००, म्हणजे एकूण सातशेच्या आसपास धरू. शरीरातून रोज साधारण एक मिलिग्रॅम लोह असेच जाते आणि पाळीमुळे सरासरी अर्धा मिलिग्रॅम आणखी जाते. उत्तम आहारातून रोज अडीच मिलिग्रॅम शोषले गेले असे गृहीत धरले, तरी शिल्लक राहतो एक मिलिग्रॅम. म्हणजे तूट भरायला जवळजवळ दोन वर्षे लागतील, तीही काहीही बिघडले नाही तर. ६० मिलिग्रॅम लोह असलेल्या गोळीतून मात्र दर वेळी सहा ते बारा मिलिग्रॅम शोषले जाऊ शकते. म्हणून गोळ्या टाळू नका. तूट गोळीने भरावी आणि भरलेला साठा आहाराने टिकवावा.

आणि त्याआधी एक प्रश्न, जो अजून कोणी विचारला नाही: लोह जाते कुठे? घागर गळकी असेल तर कितीही पाणी ओतले तरी भरत नाही. पाळीत जास्त रक्तस्राव होतो का? मूळव्याध आहे का? ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ चालू आहेत का? सीलिॲकसारखा आतड्याचा आजार किंवा जंत हीही कारणे असतात. केवळ ‘दूध-अंडी खात नाही म्हणून’ एवढ्यावर कारणाचा शोध थांबवू नये.

मोहोर:
डॉक्टरांच्या वरील प्रतिसादाला माझ्या घरचा दुजोरा. माझ्या धाकट्या भावाला कॉलेजात असल्यापासून ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जात होत्या. एमसीव्ही कमी, पण फेरिटिन व्यवस्थित. शेवटी एका डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी) तपासणी करायला सांगितली आणि तो बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा वाहक निघाला. आम्ही सिंधी आहोत. आमच्याकडे, तसेच लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांतही, हे प्रमाण जास्त आहे. लग्नापूर्वी ही तपासणी सर्वांनीच करून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पायवाट:
गोळ्यांविषयी अनुभव लिहिते. मला रोज एक गोळी दिली होती आणि तिने पोटात मळमळ, बद्धकोष्ठता असा इतका त्रास झाला की मी ती सोडून देण्याच्या बेतात होते. डॉक्टरांना तसे सांगितल्यावर त्यांनी एक दिवसाआड घ्यायला सांगितले आणि त्रास पुष्कळ कमी झाला. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. मात्र गोळ्या निम्म्या झाल्या तर परिणामही अर्धाच होत असेल ना? ही शंका मनात राहून गेली आहे.

सूक्ष्मदर्शी:
पायवाट, परिणाम अर्धा होतोच असे नाही. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढवते आणि ते पुढचे सुमारे चोवीस तास आतड्यातून लोहाचे शोषण रोखते. म्हणून दुसऱ्याच दिवशीच्या गोळीतून शोषले जाणारे प्रमाण घटते. झुरिच येथील संशोधकांनी २०१७ साली, लोहाचा साठा कमी असलेल्या पण ॲनिमिया नसलेल्या तरुण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात एक दिवसाआड घेतलेल्या गोळ्यांतून शोषण अधिक झाल्याचे आढळले. नंतर ॲनिमिया असलेल्या स्त्रियांमध्येही तसाच कल दिसला. तरीही तीव्र ॲनिमिया किंवा गर्भारपण असेल, तर रोज घ्यायची की दिवसाआड, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

गोळी शक्यतो रिकाम्या पोटी लिंबूपाण्यासोबत घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवावे.

श्रावणधारा:
माझा प्रश्न आईसाठी आहे. आम्ही जैन आहोत. आई कांदा-लसूण घेत नाही, मोड आलेले कडधान्य चालत नाही, रात्रीचा आंबवलेला पदार्थ चालत नाही, चातुर्मासात पालेभाज्या बंद आणि पर्वतिथीला हिरवे काहीच नाही. सूर्यास्तानंतर जेवण नाही, म्हणून संध्याकाळचे जेवण आणि चहा हमखास एकत्र येतात. तिचेही हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे आणि तिच्या नियमांत बदल सुचवणे मला योग्य वाटत नाही.

शेवरी:
श्रावणधारा, नियम बदलण्याची गरजच नाही. मोड चालत नसतील तर कडधान्य सकाळी भिजवून, ते पाणी टाकून देऊन त्याच दिवशी शिजवावे. त्यानेही फायटेट काही प्रमाणात घटते. मूग, मसूर, हरभरा आणि कुळथाचे पीठ बारा महिने उपलब्ध असते. ज्या दिवशी लिंबू किंवा पेरू चालत नाही, त्या दिवसांसाठी सुक्या आवळ्याची पूड ठेवावी आणि ती जेवताना वरणावर भुरभुरावी. सुकवताना क जीवनसत्त्व घटते हे खरे, पण बरेचसे टिकतेही. चहा मात्र संध्याकाळच्या जेवणापासून दूर न्यावाच लागेल. तो दुपारी तीनला घेऊन जेवण साडेपाचला ठेवता येईल.

कांदा-लसणाचा उल्लेख आलाच आहे म्हणून इतरांसाठी सांगते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील प्रयोगशाळेच्या अभ्यासात धान्ये आणि कडधान्ये यांच्यासोबत कांदा किंवा लसूण असेल तर त्यांतील लोह अधिक प्रमाणात मोकळे होते, असे आढळले आहे. बाजरीची भाकरी, उसळ आणि कच्चा कांदा ही जोडी त्या दृष्टीने उत्तम आहे.

आईंचे वय किती आहे? पाळी थांबलेली असेल तर मात्र आहाराच्या चर्चेआधी डॉक्टरांकडून पचनमार्गाची तपासणी करून घ्या. त्या वयात लोह कमी होण्यामागे आतड्यातील सूक्ष्म रक्तस्राव असू शकतो.

निळीगोळी:
मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. मुली गोळी हातात घेतात आणि तोंडात न टाकता ओढणीच्या टोकाला बांधून नेतात, कारण पहिल्या वेळी उपाशीपोटी घेतल्याने कोणाला तरी उलटी झालेली असते आणि ती गोष्ट गावभर होते. आता मी त्यांना खिचडी खाल्ल्यावर, माझ्यासमोर, पाण्यासोबत घ्यायला लावते.

तसाच घोळ रेशनच्या तांदळाचा झाला. त्यात शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात लोहयुक्त पोषक दाणा मिसळलेला असायचा. तो जरासा पिवळट दिसायचा आणि पाण्यात तरंगायचा, म्हणून बायका ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून वेचून टाकून द्यायच्या. सुपात जमलेले ते दाणे कोंबड्यांसमोर गेलेले मी पाहिले आहेत आणि फार वाईट वाटते. रेशन घेणाऱ्या प्रत्येक घरी हे समजावून सांगायला हवे होते.

वेशीपल्याड:
मी इंग्लंडमध्ये राहतो. येथे कोंड्यासह दळलेले सोडून बाकी गव्हाच्या पिठात लोह मिसळणे कायद्याने बंधनकारक आहे आणि न्याहारीच्या बहुतेक तयार धान्यांतही ते घातलेले असते, त्यामुळे व्हीगन (प्राणिजन्य काहीही न घेणाऱ्या) व्यक्तीला नकळत थोडे लोह मिळते. भारतातील व्हीगन मित्रांनी औषधाच्या बाबतीत मात्र लेबल नीट वाचावे. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, आणि पूर्वी काही लोहटॉनिकांत जनावरांच्या रक्तापासून काढलेले हिमोग्लोबिनही असे. खाद्यपदार्थांवरील शाकाहारी-मांसाहारी खुणेवर औषधांच्या बाबतीत विसंबता येत नाही. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट किंवा फेरस ॲस्कॉर्बेट यांची साधी गोळी डॉक्टरांकडून मागून घ्यावी.

दगडफूल:
सूक्ष्मदर्शी यांचा हिशेब वाचला आणि पटला. तूट भरण्यासाठी गोळी, यावर माझा आक्षेप उरलेला नाही. कढईचा आग्रह मात्र मी सोडणार नाही, कारण लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरते हे तुम्हीही मान्य केले आहे, म्हणजे साठा टिकवण्याच्या टप्प्यावर तिचा उपयोग होईल. आंबट पदार्थ शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा, नाहीतर तो काळा पडतो आणि चवीला लोखंडासारखा लागतो.

थेंब:
मी नियमित रक्तदान करणारा शाकाहारी आहे. एका रक्तदानात दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जाते. हिमोग्लोबिन १२.५ असले की रक्तपेढी रक्त घेते, पण साठा किती उरला आहे हे त्यावरून कळत नाही. शाकाहारी रक्तदात्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, अधूनमधून फेरिटिन तपासून घ्यावे.

रानजाई:
आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. लोह जाते कुठे, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. पाळीत पहिले तीन दिवस रात्री उठून पॅड बदलावे लागते आणि गाठीही पडतात. आईचेही तसेच होते, त्यामुळे ते सर्वसाधारणच असावे असे मी धरून चालले होते. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. गोळ्या सुरू केल्या आहेत. न्याहारीचा चहा आता साडेदहाला गेला आहे, आणि डब्यात पालकाऐवजी मटकीची किंवा मसुरीची उसळ आणि पेरू असतो. एकच विचारायचे आहे: पुन्हा तपासणी कधी करावी, आणि हिमोग्लोबिन १२ झाले की गोळ्या थांबवाव्यात का?

सूक्ष्मदर्शी:
रात्री उठून पॅड बदलावे लागणे आणि गाठी पडणे हे अतिरिक्त रक्तस्रावाचे लक्षण आहे, सर्वसाधारण नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञांना नेमके याच शब्दांत सांगा. सोनोग्राफी आणि थायरॉइड यांविषयीही त्यांना विचारा.

सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी) साधारण चार आठवड्यांनी करावी. तोपर्यंत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवे. ते वाढले नाही, तर गोळी नियमित घेतली जात नाही, शोषली जात नाही किंवा रक्तस्राव चालूच आहे, असे समजावे. हिमोग्लोबिन १२ झाले म्हणून गोळ्या थांबवू नयेत, कारण लोह आधी रक्तात जाते आणि साठा शेवटी भरतो. त्यानंतर साधारण तीन महिने त्या चालू ठेवतात. फेरिटिन तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत करावे. त्या सुमारास ताप किंवा संसर्ग असेल तर तपासणी पुढे ढकलावी, किंवा सोबत सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) करावे, कारण शरीरात दाह असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते आणि साठा भरल्याचा गैरसमज होतो.

शेवरी:
रात्रीच्या नाचणीच्या भाकरीविषयी राहून गेले होते. नाचणी बंद करू नका, तिच्यातील कॅल्शियम दूध न घेणाऱ्या व्यक्तीला हवेच आहे. मात्र तेच कॅल्शियम आणि तिच्यातील टॅनिन लोहाच्या आड येतात, म्हणून लोहाचे मुख्य जेवण दुपारचे ठेवावे आणि नाचणी रात्री. आठवड्यातून दोन-तीनदा तिच्याऐवजी बाजरीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि वर पिळलेले लिंबू घेऊन पाहा. पिठले दगडफूल यांच्या कढईत केले तरी हरकत नाही.